लाल पट्टीच्या अलीकडे

“मिनिटाला सात हजार फेरे? अहो चीफ, माझ्या हातातलं ड्रिल मिनिटाला तीन लाख फेरे फिरतं! आणि तेही जिवंत माणसाच्या तोंडात! तुमच्या इंजिनाचं मी काय वाकडं करणार?”

दातांच्या डॉक्टरांनी हे सासऱ्यांना ऐकवलं आणि ते स्वतःच्याच वाक्यावर इतके खूश झाले की बायकोने ऐकलं की नाही हे बघायला त्यांनी मान वळवली. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. ऐकलं होतं तिने. इस्त्री जरा जोरात आपटली तिने.

सासरे म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. घरात सगळेच त्यांना चीफ म्हणत, सासूबाईसुद्धा. उभा जन्म दोन मजली इंजिनांच्या पोटात काढलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर एकच चैन केली होती. एक लाल, उघडी, दोघांपुरती स्पोर्ट्‌स कार! अर्थातच गिअरची. ऑटोमॅटिक गाडीला चीफ ‘पाळणा’ म्हणत. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डाव्या पायाला क्लच दाबायची बंदी झाली, आणि गाडी दारात बसून राहिली.

“नुसती उभी राहिली की काजळी धरते,” चीफ गॅलरीत स्टुलावर पाय ठेवून सांगत होते. “आठवड्यातून एकदा तिला ताणलीच पाहिजे. मागच्या रविवारी थोरल्यांना दिली, तर त्यांनी ती फाटकातच बंद पाडली. इतक्या वेळा, की शेवटी ढकलून आत घ्यावी लागली!”

थोरले, म्हणजे डॉक्टरांचे साडू, तिथेच चहा पीत बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवत आणि सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी कपात तोंड खुपसलं.

डॉक्टरांना गुदगुल्या झाल्या. त्यांची स्वतःची गाडी पाळणाच होती, पण ही गोष्ट त्यांनी त्या सकाळी मोठ्या मनाने विसरायची ठरवलं होतं.

“नीट ऐका,” चीफ म्हणाले. “पहिलं म्हणजे, ऑइल गरम होईपर्यंत फेऱ्यांचा काटा अडीच हजाराच्या वर न्यायचा नाही. थंड इंजिनाला रेस देणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. उभ्या गाडीत उगाच घूं घूं करायचं नाही. ऑइल गरम झालं की मोकळ्या रिंगरोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ताणा, आणि काटा सात हजाराच्या लाल पट्टीला टेकायच्या जरा आधी पाय उचला.”

“उचलला!”

“अजून बसलाही नाहीत गाडीत! आणि सगळ्यात महत्त्वाचं. खाली येताना पाचातून चौथा टाकायचा. हात चुकून दुसऱ्यात गेला तर इंजिन असं पिळवटेल की त्याला शेवटचं पाणी पाजायलासुद्धा वेळ मिळणार नाही. आणि परत येताना हळू, गाडी निवू द्यायची. आल्या आल्या किल्ली बंद करायची नाही. रिंगरोड त्या मैदानापलीकडूनच जातो. मी इथून ऐकणार आहे. चष्मा डोळ्यांना लागलाय, कानांना नाही!”

साक्षीदार म्हणून सरांना शेजारी बसवण्यात आलं. डॉक्टरांनी कोट घातला, काळा चष्मा लावला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. काढली म्हणजे ती बेडकासारखी उड्या मारत बाहेर गेली, पण बंद पडली नाही. सरांचा चेहरा पडला.

आता ऑइल. त्याचा काटा खाली जो चिकटून बसला होता, तो हलायचं नाव घेईना! डॉक्टर रस्त्याच्या कडेने अशा बेताने गाडी नेत होते, जणू डिकीत काचेची भांडी भरली आहेत. काठी टेकत चाललेल्या एक आजीबाई फुटपाथवरून त्यांच्या पुढे निघून गेल्या. वळून त्यांनी “बरं वाटत नाही का?” असंही विचारलं.

चौकात एक मोठी बस कडेला उभी होती. लाल गाडी जवळ येताच ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“काका! निघायचं ना?”

‘काका’ हा शब्द डॉक्टरांच्या काळजात रुतला. पण चारचौघांत गाडीचा मान राखायला हवा म्हणून त्यांनी ऐटीत हात हलवला. “चला, चला!”

बस मागे लागली. थोड्या वेळाने सरांनी आरशात डोकावलं.

“डॉक्टर, मागे बरीच रांग लागलीय.”

“लागणारच! अशी गाडी रोज दिसते का लोकांना?”

“पण रस्ता मोकळा आहे. बस पुढे का जात नाही?”

“सर, तुम्ही नकाशे बघा. गाडीचं मी बघतो.”

डॉक्टर डावीकडे वळले, बस डावीकडे. डॉक्टर उजवीकडे, बस उजवीकडे. मध्येच बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. डॉक्टरांनी राजासारखा हात उंचावला. एवढ्यात ऑइलचा काटा आळस झटकून मधोमध येऊन बसला, आणि समोर रिंगरोड पसरला. सरळ, रुंद, रिकामा!

“सर, धरा!”

“काय धरू?”

“मिळेल ते!”

तिसरा गिअर पडला आणि डॉक्टरांनी पाय दाबला. चार हजार! पाच! पाठ सीटला चिकटली. सरांचे केस, जेवढे होते तेवढे, सरळ मागे गेले. सहा! इंजिनाचा आवाज गुरगुरण्यातून गाण्यात गेला. साडेसहा… आणि लाल पट्टीच्या अगदी अलीकडे डॉक्टरांनी पाय उचलला. झकास! मैदानापलीकडच्या गॅलरीत एक पांढरा रुमाल हलताना दिसला. डॉक्टरांचा ऊर भरून आला.

ऊर भरला असतानाच त्यांनी आरशात बघितलं.

बस येत होती! जिवाच्या आकांताने, खिडक्यांचे पडदे फडफडवत, एका अंगावर झुकत, आणि खिडक्या-खिडक्यांतून माणसं हात हलवून ओरडत होती. “काकाऽऽ!”

“अहो, हे लोक आपला पाठलाग करताहेत!” डॉक्टर ओरडले.

“तुम्ही कुणाला धक्का दिलात का?”

“नाही हो!”

“मग पेशंट असेल कुणी तुमचा.”

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. परवाच त्यांनी एका दांडग्या गृहस्थाला ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगून अक्कलदाढ काढली होती. माणूस जाताना सुजलेल्या गालाने काहीतरी पुटपुटला होता. पण म्हणून बसभर नातेवाईक?

“थांबून विचारा ना त्यांना!” सर म्हणाले.

“थांबू कसा? इंजिन तापलंय! चीफ म्हणाले, हळूहळू निवू द्यायचं!”

आणि मग त्या रस्त्याने कधी न बघितलेला प्रकार बघितला. पुढे जीव मुठीत धरून पळणारी लाल गाडी, तीही सायकलच्या वेगाने! मागे तेवढ्याच वेगाने पाठलाग करणारी बस. डॉक्टर घामाने निथळत होते. “पळा ना जरा!” सर कुजबुजत होते. “पळतोच आहे!” डॉक्टर दात-ओठ खात म्हणत होते. “दोन हजारावर पळतोय!”

अशी ही मिरवणूक चीफच्या गल्लीत शिरली. गाडी फाटकासमोर थांबली, इंजिन अर्थातच चालू. मागे बसने गल्ली बुचासारखी बंद केली. बसच्या मागून आणखी गाड्या शिरल्या, आणि आतापर्यंत बसच्या आड लपलेली एक फुलांनी मढवलेली पांढरी गाडीही त्यांत होती. पळापळीच्या आवाजाने डॉक्टरांची बायको दार उघडून बाहेर आली, आणि तिला काय दिसलं? काळा चष्मा लावलेला नवरा, आणि त्याच्या दिशेने दागिन्यांनी लगडलेली, दोन्ही हातांनी जड कपडे सावरत ताडताड येणारी एक नवरी!

“अहो,” बायको अगदी शांत आवाजात म्हणाली. “ही कोण?”

“मला काय माहीत!”

“तुमच्यामागून आली आहे ती.”

“सगळेच माझ्यामागून आलेत!”

नवरी गाडीपाशी पोचली. “काका, हॉल कुठे आहे?”

“कसला हॉल?”

मागोमाग नवरीचे वडील धापा टाकत आले. “अहो, आम्ही परगावचे! नवऱ्यामुलाचे काका लाल उघडी गाडी घेऊन चौकात येतील, त्यांच्या मागे या, असा निरोप होता. तुम्हीच हात करून ‘चला चला’ म्हणालात! आधी मुंगीसारखे चाललात, मग उधळलात, मग परत मुंगी! आमच्या आत्याबाईंना गरगरतंय बसमध्ये! तुम्ही नवऱ्यामुलाचे काका ना?”

“मी दातांचा डॉक्टर आहे!”

मग वडिलांनी फोन लावला. खरे काका खऱ्या लाल गाडीसह चौकात उभे होते आणि खूप मोठ्या आवाजात बोलत होते. लग्नाला थोडाच वेळ उरला होता. हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर. आणि गल्लीतून बस, पांढरी गाडी आणि बाकी सगळ्या उलट्या बाहेर काढायच्या म्हणजे दुपारच झाली असती! पुढचा रस्ता मोकळा होता तो फक्त लाल गाडीला.

नवरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. डॉक्टरांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या ऐटीपायी एका मुलीचं लग्न खोळंबलंय.

“बसा, मी सोडतो,” ते म्हणाले आणि त्यांनी गिअरवर हात ठेवला. पण घाईत ते क्लच दाबायचंच विसरले आणि गिअर गल्लीभर ऐकू जाईल असा करकरला.

नवरीने ते ऐकलं. डोळे पुसले. “काका, तुम्ही त्या बाजूला सरका. मी चालवते.”

“अगं, एवढ्या जड कपड्यांत?” वडील ओरडले.

“पायात येत नाहीत.”

“कुणीही चालवायची नाही!” वरून गर्जना झाली. चीफ कठडा धरून उभे होते. “मुली, गिअरची गाडी चालवली आहेस का?”

“भावाची जुनी गाडी होती. पहिला क्लच मी जाळला, दुसरा मी बसवला.”

“पाचातून खाली येताना?”

“चौथा. आणि क्लच सोडायच्या आधी किंचित रेस, म्हणजे धक्का बसत नाही.”

चीफनी डोळे मिटले. अनेक वर्षांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

“सर, उतरा,” ते म्हणाले. “डॉक्टर, रस्ता दाखवा. आणि मध्ये बोलू नका!”

सर आनंदाने उतरले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एकेक गाडी उलटी बाहेर काढायला सुरुवात केली. ‘थोडं पूर्वेला! आता दक्षिणेला!’ असं ते ओरडत होते, आणि बसचा ड्रायव्हर कपाळाला हात लावत होता.

इकडे लाल गाडी रिंगरोडला लागली. एकही धक्का नाही, उडी नाही. डॉक्टर कौतुकाने काहीतरी म्हणणार, इतक्यात नवरीने पाय दाबला.

आता, चालवणाऱ्याला जी गाडी सहा हजारावर गाते, ती शेजारी बसलेल्याला वेगळंच काही ऐकवते. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी दार पकडलं आणि रोज पेशंटला उघडायला सांगतात तेवढं स्वतःचं तोंड उघडलं. त्यातून जो आवाज निघाला तो इंजिनाच्याही वर चढला, बारीक, लांबलचक, न तुटणारा! मैदान आलं, गॅलरी आली, गेली, आवाज चालूच! वळण आलं. पाचातून चौथा, चौथ्यातून तिसरा, दर वेळी रेसचा छोटासा हुंकार, आणि दर वेळी डॉक्टरांचा सूर आणखी एक पायरी वर. एकदाच त्यांनी श्वास घेतला, तो “डावीकडेऽऽ” म्हणायला.

हॉलसमोर गाडी अलगद थांबली.

“थोडा वेळ चालू ठेवा काका, मग बंद करा,” असं म्हणून नवरी पायऱ्या चढून पळाली. दारात उभ्या असलेल्या नवऱ्यामुलाने तिला बघून सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनीही टाकला. मग ते चालू इंजिनापाशी बसून राहिले, आणि येणारे-जाणारे पाहुणे मुलीकडचं कुणी वडीलधारं माणूस समजून त्यांना नमस्कार करत राहिले. एकाने तर गहिवरून हात हातात घेतला. “रडू नका. मुलगी सुखात राहील.”

संध्याकाळी चीफ गॅलरीत विचारात गढलेले होते.

“काय सुरेख ताणली पोरीने! इंजिन एकदम मोकळं झालं. पण डॉक्टर, दुसऱ्या फेरीला मला एक आवाज ऐकू आला. बारीक. किंचाळल्यासारखा. तुमच्या फेरीला नव्हता.”

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायको छताकडे बघत होती.

“बेल्ट असेल,” डॉक्टर म्हणाले.

“मलाही तेच वाटतं. उद्याच बदलून घेतो.”

मेकॅनिक आला. त्याने बेल्ट काढून बघितला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, पण चीफनी ऐकलं नाही. नवा बसवायलाच लावला. आणि पुढच्या रविवारी गाडी ताणायला त्यांनी डॉक्टरांना नव्हे, तर त्या नव्या नवरीला बोलावलं. ती हौसेने आली. शेजारच्या सीटवर आपल्या नवऱ्याला बसवून ती गाडी घेऊन गेली. डॉक्टर चीफशेजारी खुर्ची टाकून बसले.

मैदानापलीकडून इंजिनाचा आवाज चढत आला. चार हजार, पाच, सहा… चीफनी कान टवकारले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“डॉक्टर, ऐकलंत? आवाज अजून येतोच आहे! उलट आता जरा जाड झालाय!”

डॉक्टरांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

“नवा आहे चीफ,” ते म्हणाले. “रुळेल हळूहळू.”