पाऊण तास भरभर

म्हाळसाबाईची पाळी थांबून दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बीपी वाढलं, साखर काठावर आली आणि ब्लाउजं दोनदा उसवावी लागली. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "पाळी थांबली की बाईच्या हृदयाला धोका वाढतो. रोज पाऊण तास भरभर चालायचं."

"दिवसभर शेतातच असते की वो मी."

"खुरपणी बसून होते. हातात ओझं नको, मधे थांबणं नको, गप्पा नकोत. आणि पायात बूट घाला."

म्हाळसाबाईची आई पंचावन्नाव्या वर्षी चुलीपुढं बसल्या बसल्या गेली होती. त्यामुळं तिनं हे मनावर घेतलं. संध्याकाळी नवऱ्याला, चांगदेवला, सगळं सांगितलंही. चांगदेव टीव्हीवर मॅच बघत होता. "बरं," म्हणाला. कशाला बरं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले, पदर खोचला आणि पिंपळवंडीतून फाट्याच्या रस्त्याला लागली.

नळावर शेजारची बयाबाई होती. "म्हाळसा, कुठं गं निघालीस?"

"कुठं नाय!" थांबायचं नव्हतं, म्हणून ती मागं न वळताच म्हणाली.

बयाबाई बघत राहिली. डोक्यावर पाटी नाही, हातात पिशवी नाही, पायात मात्र बूट. एवढी मोठी बाई अशी सुसाट निघते, ती काही उगीच नव्हे.

पुढं डेअरीवाला सोमाजी भेटला. त्यानं मोटारसायकल हळू केली. "बसा वहिनी, फाट्यावर सोडतो."

"नको."

"का वो?"

आता पाळी थांबली म्हणून चालतेय, हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं? "मला चालायचंच हाय!" ती म्हणाली. नेमकी त्याच वेळी अंगातून गरम वाफ उसळली. हल्ली ती वेळ-काळ न बघता यायची. चेहरा लालबुंद झाला, घामाच्या धारा लागल्या आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. सोमाजीनं मोटारसायकल मागं वळवली.

डेअरीवर बयाबाईनं पाहिलेले बूट आणि सोमाजीनं पाहिलेली आसवं एकत्र आली. तिथून आळ्याला फोन गेला, म्हाळसाबाईच्या धाकट्या भावाला, ज्योतिबाला.

पाऊण तास पुरा करून ती परतली, तेव्हा अंगणात जीप उभी होती, भोवती पंधरा-वीस माणसं. ती गोठ्याआडच थबकली.

"दाजी, माझी अक्का रडत रडत पायी घर सोडून गेली! काय केलं तुमी तिला?" ज्योतिबा ओरडत होता.

"आरं, काय बी न्हाई केलं!"

"मंग उगंच गेली व्हय?"

चांगदेवनं बराच विचार केला. मग पडलेल्या आवाजात म्हणाला, "तिला बोकडाचं कळलं आसंल."

तीन वर्षांपूर्वी म्हाळसाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला बोकड बिबट्यानं नेला होता. निदान चांगदेवनं तसं सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती. वनखात्यानं उसात आठ दिवस पिंजरा लावला होता. त्यात सोमाजीचं कुत्रं तेवढं सापडलं.

ज्योतिबाचा आवाज एकदम उतरला. "दाजी, हळू बोला, लोकं हायेत. पर तिला सांगितलं कुनी?"

"म्या न्हाई सांगितलं. कलेजी तू खाल्लीस. तूच कुटंतरी बोलला आसशील."

"तुमी निम्मा बोकड खाल्ला, त्याचं काय?"

म्हाळसाबाई गोठ्याआडून पुढं आली. अंगणातली माणसं एकेक करून आपापल्या कामाला निघाली. सोमाजीला डेअरीची आठवण झाली, बयाबाईला नळाची. उरले दोघंच. ज्योतिबा जीपच्या टायरकडं बघत होता, चांगदेव आभाळाकडं.

ती बाजेवर बसली आणि श्वास पुरता शांत होऊ दिला.

"च्या ठेवा," ती म्हणाली. "मंग भाकरी थापा. दोघं बी जा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, चालून आल्यावर बाईनं चुलीकडं फिरकायचं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी असं काहीच सांगितलं नव्हतं. पण त्या सकाळी खरं-खोटं विचारायची दोघांचीही छाती नव्हती. आतून एकेक डबा उघडल्याचे आवाज येऊ लागले, आणि म्हाळसाबाईनं सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या.