हसुरामकाकांचा आगाऊ दुखवटा

एखाद्याचं पीक बुडालं की गावातली माणसं त्याच्या घरी जाऊन बसतात. आमचे हसुरामकाका पीक बुडायच्या आधी जाऊन बसतात.

शेतात भात पिवळं होऊन उभं असतं, पानही हलत नसतं, आणि काका त्या घराच्या ओटीवर येतात. टोपी काढून मांडीवर ठेवतात. चहा विचारला तर नुसता हात हलवतात. थोडा वेळ जमिनीकडे बघून हळू आवाजात म्हणतात, "वाईट वाटतंय रे. चांगलं पीक होतं."

होतं! समोर उभ्या असलेल्या पिकाबद्दल. मग उठतात आणि मयताच्या घरातून निघावं तसे "येतो" न म्हणता निघून जातात. ते वळणाआड गेले की त्या घरातली बाई धावत जाऊन शेतावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकते.

आमचं गाव कासू स्टेशनापासून आत, खाडीच्या अंगाला आहे. मी इथून पेणच्या कॉलेजात जाते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायचं कसं, हे विचारायला घरात कोणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं मला फार दिवस वाटत होतं.

काका रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीला होते. शिफ्टभर हिंडायचं आणि कुठला पाइप गळेल, कुठे कोण घसरेल, ते आधीच शोधून काढायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले, सवय गेली नाही. "झाल्यावर येतो तो पोलीस," ते सांगतात, "आधी येतो तो सेफ्टी." गावात पाइप नव्हते, म्हणून त्यांनी भात धरलं.

पावसाचा अंदाज आता सगळ्यांच्याच मोबाइलवर येतो. तेवढ्याने काकांचं समाधान होत नाही. "पाऊस पडेल, हे सांगणारे रगड हायत. पडून काय करेल ते सांग ना!" असं ते मलाच दरडावतात, जसं काही हवामानखातं मी चालवते. ते अंदाज वाचतात, वाऱ्याचे नकाशे बघतात, उधाणाची भरती कधी आहे ते बघतात, आणि मग कंपनीतले जाड बूट घालून बांधाबांधाने हिंडतात. एकदा एक बूट चिखलात रुतून तिथेच राहिला. काका बोलण्याच्या नादात उरलेल्या एकाच बुटावर पुढचं शेत बघून आले.

मला त्यांचं खरं कौतुक वाटायला लागलं ते नामदेवदादाच्या भातामुळे. काका त्याच्या ओटीवर बसून म्हणाले, "नामदेव, तुझं भात या बांधापासून त्या शेवग्यापर्यंत आडवं पडणार. पलीकडचं उभं राहील."

"पाऊस काय पट्टी घेऊन येणार हाय?" नामदेवदादा हसला.

दोन दिवस वादळी पाऊस झाला. उघडल्यावर मी बघायला गेले. भात शेवग्यापर्यंत झोपलेलं होतं, आणि पलीकडचं ताठ उभं. मी काकांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? काका म्हणाले, शेवग्याच्या अलीकडच्या बाजूला पाणी साचून मुळं नरम झालीत, त्यात नामदेवने युरिया मारून पेंढा उंच केलाय. जोराचा वारा आला की ते उभं राहूच शकत नाही. "हवामान सगळ्या गावाचं एक असतं. नुकसान ज्याचं त्याचं वेगळं."

हे मला एखाद्या जादूपेक्षा मोठं वाटलं, कारण जादू समजावून सांगता येत नाही. नामदेवदादाला मात्र दुसरंच वाटलं. "ते बोलले म्हणूनच पडलं," असं तो गावभर सांगत फिरला.

यंदा दसऱ्यानंतर काका आमच्या ओटीवर आले. टोपी मांडीवर ठेवली.

"सुमन, वाईट वाटतंय गो," ते आईला म्हणाले. "वर्षाचं खाणं होतं तुमचं."

"भाऊ, तोंड आवरा. उद्या कापणी हाय माझी. वाडीवरची माणसं मजुरीला सांगून ठेवलीत."

"तेच सांगायला आलोय. कापू नको."

"पिकलंय ते! उभं ठेवून काय पूजा करू?"

"समुद्रात वादळ हाय. कापून पसरलंस आणि वरून पाऊस आला, तर दाण्याला कोंब फुटतील. सगळं गेलं. उभं असलं तर आडवं पडेल, थोडं गळेल, पण अर्ध्याच्या वर हाताला लागेल."

"पण येणार का नक्की?"

"नक्की कोण सांगेल? येईल असं जास्त दिसतंय. नाय आला तर थोडं नुकसान, आला तर सगळं. तू बघ."

बाबा पनवेलला कंपनीत असतात. आईने फोन लावला. ते म्हणाले, "तुला पटेल ते कर," आणि शिफ्टला गेले. मग आईने वाडीवर निरोप पाठवला की येऊ नका. ती माणसं कोलाडकडे दुसऱ्या कापणीला गेली.

गावात बाकी सगळ्यांनी कापलं. आमचं एकट्याचंच शेत उभं. आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि देवाकडे काय मागावं ते मला कळेना. पाऊस ये म्हणावं तर गावाचं भात जातं. नको म्हणावं तर आमच्या आईला गाव हसतं.

वादळ समुद्रातूनच दुसरीकडे वळलं. लख्ख ऊन पडलं. गावाने भात सुकवलं, बांधलं, झोडलं. नामदेवदादा रस्त्यातून ओरडला, "काय गो सुमनवयनी, भात सेफ्टीत ठेवलंस काय?"

आमचं भात इतकं पिकलं होतं की हात लागताच दाणे गळत होते. माणसं मिळेनात. आईने विळ्याला धार लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच शेतावर गेलो.

शेतात आधीच कोणीतरी कापत होतं. काका आणि काकी. काकांना कापणीची सवय राहिलेली नव्हती, त्यांच्या मागे धसकटं वेडीवाकडी उभी होती.

"पहाटेपासून चाललंय," काकी म्हणाल्या. "कंबर धरलीय तरी ऐकत नाय मेला माणूस."

काकांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. तो हसरा होता. "चुकलो गो!" ते लांबूनच म्हणाले. "वादळ फिरलं. अख्ख्या गावाचं वाचलं!"

"आणि आमचं गळलं ते?" आई म्हणाली.

काकांचं हसू गेलं. त्यांनी हातातली कापलेल्या भाताची मूठ सावकाश खाली ठेवली, दाणे गळू नयेत म्हणून.

"म्हणून तर आलोय," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांच्या ओट्या झिजवतोय. माझं ऐकून कोणी विळा खाली ठेवला नाय. तूच पहिली."

आईने पदर खोचला, त्यांच्या शेजारची ओळ धरली आणि कापू लागली. मी मुठी उचलून रचू लागले.

मग आईने मान वर न करताच विचारलं, "भाऊ, हे उचललं की वाल टाकायचाय. यंदा मळभ कसं हाय? लवकर टाकू, का थांबू?"

काका सरळ उभे राहिले.

"अवो, ती विचारतेय," काकी म्हणाल्या. "सांगा की."

काकांनी मान वर केली. आभाळ अगदी स्वच्छ होतं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते कितीतरी वेळ वरच बघत राहिले.