हसवेशेठांचा गंभीर सिनेमा

"या वेळी प्रेक्षक धाय मोकलून रडणार! नाही रडले तर नाव बदलीन!" हसवेशेठांनी छातीठोकपणे सांगितलं. पण बदलायला नाव शिल्लक होतं कुठे? एकामागून एक विनोदी सिनेमे काढून हे निर्माते इतके गाजले होते, की त्यांचं खरं नाव फक्त म्हाताऱ्या आईच्या तोंडी उरलं होतं!

पण साठी उलटली आणि शेठना आतून काहीतरी कुरतडू लागलं. जन्मभर लोकांना खिदळवलं, मागे काय राहणार? म्हणून त्यांनी आपल्या दिवंगत वडिलांवर सिनेमा काढला. वडील दुसऱ्याच्या खिळ्या-कुलपांच्या दुकानात उभे राहून राहून झिजले. माणूस सज्जन, पण चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा!

या भूमिकेसाठी शेठनी आपला नेहमीचा विनोदी नट घेतला, आणि तिथेच माशी शिंकली.

"शेठ, मला नुसतं बघूनच हसतात हो लोक," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"अरे, म्हणूनच! तू रडलास की काळीज फाटेल त्यांचं!"

पहिल्याच खेळाला शेठ आईला घेऊन मागच्या रांगेत गुपचूप बसले. पडद्यावरच्या वडिलांनी एक खिळा उचलून उजेडात धरला मात्र, हास्याचा स्फोट झाला! वडिलांची नोकरी गेली, शिट्ट्या! आजारपण आलं, टाळ्या! अंथरुणावरून त्यांनी क्षीण आवाजात "पोरा..." म्हटलं, तेव्हा पुढचे एक गृहस्थ हसता हसता खुर्चीवरून घसरले.

शेठना हुंदका आवरेना. शेजारच्याने त्यांच्या पाठीत सणसणीत थाप मारली. "तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं ना, काका? माझं तर पोट दुखतंय!"

शेठ ताडकन उठले. "लाज नाही वाटत? माझा बाप मरतोय तिथे!"

अख्खं थिएटर मागे वळलं आणि गडगडाट करून हसलं. मॅनेजर धावत आला, त्याने शेठचं बखोट धरलं.

"अहो, मी या सिनेमाचा निर्माता आहे!"

"हो का? मग मी हिरॉईन! चला बाहेर!"

शेठ बाहेरच्या पायरीवर मटकन बसले. तेवढ्यात वितरकाचा फोन! "शेठ, आठवडाभर हाउसफुल्ल! आणि मागून ओरडणारा तो माणूस! आत बसलेल्या माझ्या पोराने आत्ताच कळवलं. काय डोकं आहे तुमचं! प्रत्येक खेळाला बसवा त्याला!"

शेठनी फोन बंद केला. आपण बापाला दुसऱ्यांदा मारलं, तेही तिकीट लावून! त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सिनेमा सुटला. आई डोळे पुसत पुसत बाहेर आली. शेठचा जीव कळवळला. चला, एक तरी माणूस रडलं!

"आई, रडू नकोस गं."

"रडतंय कोण?" हसून हसून दम लागल्याने आई त्यांच्या शेजारी टेकली. "अरे, तुझे बाबा याच्या निम्मे जरी गमतीशीर असते ना, तर माझा संसार सुखाचा झाला असता! उद्याचं तिकीट काढून ठेव माझं."