आत्याबाई धरून वेगळ्या

कुसळवाडीला ग्रामसेवक म्हणून एक अवकाश रुजू झाला, तेव्हा गावाने त्याला रीतीप्रमाणे नारळ दिला आणि भाऊसाहेब म्हणायला सुरुवात केली. त्याला दिशा अनंत होत्या, पण खुर्ची एकच पुरायची. आधी तो शहरात गणिताच्या कॉलेजात होता, तिथून बदली झाली. अंगाला कुठे भोक नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे दिलेलं काही गळत नसे. गावाला हे नवीनच होतं.

त्याच्याकडे फुलवंता गेली ती तरातरा, हातात आमटीचं पातेलं घेऊन. मागे थोरली जाऊ सगुणाबाई, तिच्याही हातात पातेलं. आणि दोघींच्या मागून, कुणी बोलावलं नसताना, सासू, म्हणजे दोघींच्या आत्याबाई.

फुलवंताला वेगळी चूल हवी होती. लग्न होऊन आल्यापासून आमटी तीच करायची आणि पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, “थोरलीच्या हाताची सर नाही कुणाला.” थोरली तेव्हा माजघरात पाय पसरून बसलेली. पण ही माझी नव्हे, एवढं बोलायला तिची जीभ कधी उचलली नाही. मरायच्या आधी एकदा तरी कुणी आपल्या आमटीला आपली म्हणावं, एवढंच फुलवंताचं मागणं होतं.

“भाऊसाहेब, माझी आमटी हिच्यापासून वेगळी आहे का नाही, तेवढं सांगा. असली तर चूल मांडते. नसली तर जन्मभर हिची भांडी घासते.”

“घासतेस कुठं?” सगुणाबाई म्हणाली. “राख तशीच असते बुडाला.”

“पातेली आत ठेवा,” भाऊसाहेब म्हणाले.

सगुणाबाई पुढे घुसली. “मी थोरली. आधी माझं.”

“माझ्यात आधी-नंतर नसतं. मी स्थिर अवकाश आहे. माझ्यात थोरली-धाकटी अशी ओळ लागत नाही.”

“मग तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवायची सोय नाही,” सगुणाबाई म्हणाली आणि पातेलं आदळलं.

दोन्ही पातेली भाऊसाहेबांच्या आत गेली. फुलवंताच्या आमटीची सावली सगुणाबाईच्या आमटीवर पडली. चांगली काळीभोर, लांबलचक पडली, म्हणजे दोन्हींत बरंच सामाईक निघालं.

“बघा! माझंच पोर!” सगुणाबाई म्हणाली.

फुलवंताने पदर खोचला. ती रडणाऱ्यांतली नव्हती.

“दोघींना शिकवलं कुणी?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“मी,” सासू म्हणाली. “दोघींनीही नीट ऐकलं नाही.”

“मग आपण आत येऊन बसा.”

सासू पदर सावरून अनंत दिशांत शिरली आणि त्यातली बरी बघून बसली. भाऊसाहेबांनी दोन्ही आमट्यांतून तिच्या वाटचं बाजूला काढलं. चिंच गेली, गूळ गेला, खोबरं भाजायची तऱ्हा गेली. फुलवंताच्या पातेल्यात जे उरलं, त्याची सावली सगुणाबाईच्या उरलेल्यावर शोधली. टिकलीएवढीही पडली नाही. नीट काटकोन.

“सासूबाई धरून तुम्ही स्वतंत्र आहात,” भाऊसाहेब म्हणाले. “त्या असताना, तुमच्याबद्दल थोरलीकडून जास्तीचं काही कळत नाही.”

“सांगते ती जास्तीचंच,” फुलवंता म्हणाली. “पण असू द्या, निकाल चांगला आहे.”

“सगुणाबाई, तुम्हीही हिच्यापासून स्वतंत्र.”

“मी कुठं मागितलं?”

“हे एकीकडून होत नाही. ती तुमच्यापासून वेगळी, म्हणजे तुम्ही तिच्यापासून वेगळ्या.”

“मग माझं पीठ कोण मळणार?”

भाऊसाहेब अनंत दिशांत परात शोधू लागले.

फुलवंता दारातून मागे फिरली. “आणि आत्याबाई सोडून?”

“त्यांना उचललं, की आमट्या पुन्हा एकमेकींत.”

आता पंचाईत झाली. वाटणीच्या बोलण्यात म्हातारीला दोघींनी फुटक्या उखळासारखी एकमेकींच्या दारात ढकलली होती. फुलवंताच म्हणाली होती, “मला चूल द्या, म्हातारी तिला द्या.”

“आत्याबाई माझ्याकडं राहतील!” दोघी म्हणाल्या. आधी कोण म्हणाली ते ठरलं नाही, कारण हे बोलणं भाऊसाहेबांच्या आत झालं.

मग घरात दोन चुली मांडल्या आणि बरोबर मधे सासूचा पाट. पहिल्याच आठवड्यात फुलवंताच्या नणंदेचा नवरा जेवायला आला. भुरका मारला, थांबला आणि म्हणाला, “ही फुलवंतावहिनींची दिसते.” फुलवंताने चुलीकडे तोंड फिरवलं आणि फुंकणी घेऊन उगीचच फुंकत बसली. जाळ चांगला पेटलेला होता.

“मी म्हणते,” सासू पाटावरून उठत म्हणाली, “जावईबापूंबरोबर लेकीकडं चार दिवस जाऊन येऊ का?”

दोन्ही पातेल्यांतल्या आमट्या एकमेकींकडे कलल्या.

“बसा खाली!” दोन्ही चुलींवरून आवाज आला.

सासू बसली. आमट्या सरळ झाल्या.

“मग तूप वाढा,” ती म्हणाली. “दोन्हींकडचं.”