आठ डिस्कची पेटी

कॉम्प्युटरच्या दुकानात जाताना खिशात उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी घेऊन जाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतो. दुकानदाराने कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसवतात तो पत्र्याचा डबा, समोर ठेवला की अण्णा भामरे आधी त्याचे पंखे चालू करायला लावतात. मग उदबत्ती पेटवतात, डब्याच्या जाळीशी धरतात आणि धूर कुठून आत शिरतो, कुठून बाहेर पडतो ते कमरेत वाकून बघत राहतात. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात हे पाहून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने चपला काढून हात जोडले. नव्या कॉम्प्युटरची पूजा चालली आहे असं त्याला वाटलं. मी तेव्हा मोबाईलच्या कव्हरांच्या रॅकमागे उभा होतो. अण्णांबरोबर गेलं की मी नेहमी कशाच्या तरी मागे उभा राहतो.

धूर बघून झाला की अण्णा सावकाश सरळ होतात, उदबत्ती विझवून परत पुड्यात ठेवतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "हवा कुठून जाईल, सर?"

हा प्रश्न ते फक्त कॅबिनेटलाच विचारतात असं नाही. आमच्या सोसायटीची लिफ्ट, गणपतीचा मंडप, माझ्या बायकोने मोठ्या हौसेने केलेलं बंद स्वयंपाकघर, माझं नवं हेल्मेट, सगळ्यांना हा प्रश्न विचारून झाला आहे. स्वयंपाकघराचा प्रश्न माझ्या बायकोला अजून लागलेला आहे. अण्णांचा आवाज भिंतीपलीकडून आला की ती आमचा एक्झॉस्ट फॅन मुद्दाम मोठ्यावर लावते.

अण्णा मूळचे नामपूरचे. नोकरी सगळी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात, आणि तीही इन्स्पेक्शन खात्यात. आयुष्यभर दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढण्याचा पगार घेतलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? तो पाथर्डी फाट्यावर फ्लॅट घेतो आणि शेजाऱ्याला पकडतो. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. कॉम्प्युटरमधलं मला एवढंच कळतं की बंद पडला तर बंद करून परत चालू करावा. एकदा याच युक्तीने मी सोसायटीचा प्रिंटर चालू केला. तेव्हापासून अण्णांच्या लेखी मी कॉम्प्युटरचा तज्ज्ञ आहे आणि माझे रविवार त्यांचे आहेत.

आता एवढा मोठा डबा त्यांना हवा कशाला, ते सांगतो. त्यांचा मुलगा योगेश पूर्वी लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. सटाणा, देवळा, मालेगाव, कुठकुठची लग्नं त्याने काढली. पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली, त्याने कॅमेरा विकला आणि तो गेला. मागे राहिल्या त्या डिस्क. शूटिंग साठवलेल्या हार्ड डिस्कचा एक ढीगच होता, आणि तो अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कपाटात, उशीच्या अभ्र्यांमध्ये भरून ठेवलेला होता. योगेशने स्पष्ट सांगितलं होतं, "अण्णा, भंगारात द्या ते. ज्यांची लग्नं त्यांना कधीच पेन ड्राइव्ह दिलेत."

अण्णांना ते पटलं नाही. "लोकांची लग्नं हायेत ती. उद्या कोणी मागायला आलं तर काय तोंड दाखवू?" इतक्या वर्षांत मागायला कोणीही आलेलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात त्यातली एक डिस्क आपोआप बंद पडली आणि पुन्हा चालूच झाली नाही. अण्णा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग विचारलं, "कोण गेलं?"

"सटाण्याकडची लग्नं गेली, सर. सगळी."

त्या दिवशी ठरलं. नव्या मोठ्या आठ डिस्क आणायच्या, जुन्यांतलं सगळं त्यांच्यावर उतरवायचं, आणि प्रत्येक गोष्टीची दुसरीकडे एक नक्कल ठेवायची, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. आठही डिस्क एकाच डब्यात बसवायच्या. बेत चांगला होता. नव्या डिस्क लगेच आल्या. जुन्या कधीही दगा देतील हे दिसत होतंच, तेव्हा काम आठवड्यात उरकेल असं मला वाटलं. पण नव्या डिस्कची खोकी फोडायला अण्णा तयार होईनात. "घर बांधल्याशिवाय गृहप्रवेश कसा करणार?"

आणि घर काही पसंत पडेना. हल्लीची कॅबिनेटं सगळी काचेची असतात. आत लाल-हिरवे दिवे लुकलुकतात आणि डिस्क ठेवायला जागा जेमतेम दोन. कॉलेज रोडच्या दुकानातल्या पोरीने मोठ्या कौतुकाने तसलं एक दाखवलं. अण्णा म्हणाले, "बाई, काच कशाला? डिस्क काय दागिना हाय? आणि समोरून काच लावल्यावर..."

"हवा कुठून जाईल," असं मी आणि ती पोरगी एकदमच म्हणालो. तिच्याकडे ते याआधीही येऊन गेलेले होते.

मग ऑनलाइन मागवण्याचं पर्व सुरू झालं. एक डबा आला, त्याचा पत्रा पातळ निघाला. अण्णांनी वर पाण्याने भरलेली वाटी ठेवली, पंखे लावले आणि पाण्यावर तरंग उठलेले मला दाखवले. "थरथरतंय, सर. डिस्क आयुष्यभर थरथरत बसंल." डबा परत गेला. दुसऱ्यात डिस्क एकमेकींना चिकटून बसत होत्या, तो परत गेला. तिसऱ्यात खरोखर काहीही खोट नव्हती. उदबत्तीचा धूर पुढून आत गेला, मागून बाहेर आला, वाटीतलं पाणी हललं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. अण्णा त्या डब्याभोवती दोन दिवस फिरले आणि तोही परत पाठवला, कारण त्यात काही खोट सापडत नाही म्हणजे आपलं तपासणं कुठेतरी चुकतंय. कुरिअरचा माणूस आमच्या मजल्यावर यायला इतका सरावला की काकू त्याच्यासाठी चहाचं आधण वाढवून ठेवायला लागल्या.

काकू हे सगळं कपाटाजवळच्या पलंगावर बसून लसूण सोलता सोलता बघायच्या. "हाऊ माणूस येडा व्हई गयेल शे," एवढं त्या अहिराणीत स्वतःशी म्हणायच्या आणि पुढचं माझ्यासाठी मराठीत. "माझ्या शालूला कधी एवढी हवा नाय मिळाली, सर. त्याच कप्प्यात तोबी पडलेला हाय, त्याला कोणी विचारत नाय."

मार्चमध्ये अण्णा भावाकडे नामपूरला गेले आणि डोळे चमकवत परत आले. भावाची कांद्याची चाळ आहे. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूंना फटी ठेवून पट्ट्या मारलेल्या असतात, आणि खालून शिरलेली हवा कांद्यांमधून वर निघून जाते. तशी चाळ असली की कांदा महिनोन्‌महिने टिकतो. अण्णांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाच्या बाजूला, खडूने चाळ काढून दाखवली. "हे लोक पुढून हवा घेतात, मागून सोडतात. चूक. गरम हवा वर जाती, सर! आपण खालून घ्यायची. डिस्क उभ्या ठेवायच्या, दोघींत बोटभर अंतर. आपल्या बापजाद्यांना जे कळलं ते या कंपन्यांना कळंना."

"पण चाळीत सडलेला कांदा निवडून फेकतात तरी," काकू दारातून म्हणाल्या.

अंबडच्या एमआयडीसीत मीटरच्या पेट्या बनवणारे शिंदे नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी अण्णांचं काम घेतलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच माझ्यावर त्यांची कीव करण्याची वेळ आली. अण्णा बारीक माप घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर घेऊन जायचे आणि भोकं मोजायचे. केसभर फरक निघाला की पट्टी बाद. शेवटी शिंदे माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही तरी सांगा यांना. मी मीटरची पेटी बनवतो, विमान नाय उडवत." अण्णा शांतपणे म्हणाले, "विमान पडतं तेव्हाबी पहिल्यांदा असंच कोणीतरी म्हणालेलं असतं." शिंद्यांनी पट्टी पुन्हा कापली.

असा मे महिना आला. नाशिकची हवा थंड असते असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर येऊन बसावं. एका रविवारी सकाळी अण्णांनी दार वाजवलं. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक जुनी डिस्क होती. त्यांनी ती दर महिन्यासारखी तपासायला लावली होती आणि आतून टक टक आवाज यायला लागला होता. सटाण्याची लग्नं घेऊन गेलेली डिस्कही जायच्या आधी असाच आवाज करत होती.

तेव्हा माझा तोल गेला. इतके महिने गिळलेलं सगळं मी तिथेच दारात बाहेर काढलं. "अण्णा, घरात नव्या डिस्क पडल्यात, त्यांची गॅरंटी सरत आली! तुम्ही धूर बघत बसा, वाटी ठेवत बसा, भोकं मोजत बसा! तुमची हवा नीट जाईपर्यंत लग्नं जातील सगळी!"

 अण्णा डिस्क छातीशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पेटी काल आलीय, सर. चला, बसवू."

पेटी खरंच देखणी होती, हे मी रागातही कबूल करतो. तळ उचललेला, पट्ट्या सरळ, आठ डिस्कना आठ खण. एकेक डिस्क आत अशी सरकली की कारखान्यातल्या कोणत्याही इन्स्पेक्टरने शिक्का मारावा. उदबत्तीचा धूर खालून गेला आणि वरून सरळ निघाला. मी विचारलं, "आणि कॉम्प्युटर कुठे बसवायचा?"

अण्णांनी पेटीकडे पाहिलं. पेटी फिरवली. पुन्हा पाहिलं. डिस्क ज्याला जोडायच्या त्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डला त्या पेटीत खणच नव्हता. शिंद्यांच्या लक्षात आलं असणार, पण अण्णांना काही सांगण्याची हिंमत त्यांच्यात उरलेली नसावी. मी हसलो नाही, कारण हसलो असतो तर थांबलो नसतो. काकूंनी जेवायचा लाकडी पाट आणून दिला. त्यावर आम्ही अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड मांडला, वायरी पेटीत ओढल्या आणि धूळ बसू नये म्हणून वरून पोळ्यांवर घालायचं जाळीचं झाकण ठेवलं.

टकटकणारी डिस्क जोडली. नक्कल उतरायला लागली. अण्णांनी टेबल फॅन तिच्याकडे वळवला आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा तिच्यावर तळहात ठेवून बसले. मध्येच हैदराबादहून योगेशचा फोन आला. असा फोन दर रविवारी येतो. अण्णांनी स्पीकर लावला. "जेवला का?" "हां." "ऊन हाय का तिकडं?" "हाय." "आम्ही तुझ्या डिस्क..." "अण्णा, जरा कामात आहे. ठेवतो." अण्णा म्हणाले, "ठेव, ठेव," आणि पुन्हा डिस्कवर हात ठेवला.

दुपारी नक्कल पुरी झाली. सगळं नीट उतरलं का ते बघायला मी एक लग्न लावलं. हळदीचा मांडव, पिवळ्या साड्या, बँडचा गोंगाट. "कोणाचं लग्न हे?" मी विचारलं.

"काय की. नाय माहीत."

"नाव पण माहीत नाही? मग अण्णा, कशासाठी सकाळपासून आपण..."

अण्णांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि आवाज वाढवला. बँडच्या मागून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक तरुण आवाज यायला लागला. "ओ मामा, फेटेवाले, हां तुम्हीच, डावीकडं सरका! आणखी! आता नवरीकडं बघा, माझ्याकडं काय बघताय, मी काय नवरी हाय का?" मांडव हसला. "मावशी, हसा की जरा! पोरगी शेजारच्याच गावाला चाललीय, रात्रीला परत येईल भाकर खायला!" तो आवाज थांबतच नव्हता. एकाला टोपी काढायला लावत होता, एकाला चिडवत होता, बँडवाल्याला दम देत होता. सकाळी फोनवर "हां" आणि "ठेवतो" म्हणणारा योगेशच होता तो.

"याच्यात तो दिवसभर बोलतो, सर," अण्णा म्हणाले. "प्रत्येक लग्नात. दिसत नाय कुठंच, पण बोलतो लय."

 इतके महिने मी या माणसाला लोकांच्या लग्नांचा वेडा समजत होतो. भिंतीपलीकडे राहून मला एवढंही कळलं नाही याचं वाईट वाटलं. काकूंचं लसूण सोलणं थांबलं होतं.

"रविवारी सुट्टी असायची मला," अण्णा म्हणाले. "लाईट मीच धरायचो त्याच्यासंगं. लय जड असायचा."

ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. पडद्यावर नवरीच्या गालाला हळद लागत होती आणि चित्र जरा काळोखं झालं होतं. "अण्णा, लाईट वर," योगेश म्हणाला. "अजून वर घ्या. अण्णाऽ, झोपले का काय?"

खुर्चीत बसलेल्या अण्णांचा मूठ वळलेला उजवा हात हळूहळू डोक्याच्या वर गेला, आणि हळद लागून होईपर्यंत तिथेच राहिला.