कातळापुढचा मांडव

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता आणि एक कातळ होता. सिंहाचा कुणाला फारसा उपयोग नव्हता. कातळाचा होता.

कुठलं फळ खावं, कुठल्या वाटेवर फासे लावलेत, असं सगळं त्या कातळावर प्राण्यांच्या रोजच्या बोलीत लिहिलेलं असे. दरबारातही पोथ्या होत्या, पण राजभाषेत. त्या फक्त पोपटांना येत. त्यांनाही पाठ होत्या एवढंच.

कातळावर कुणीही लिहावं, कुणीही खोडावं आणि भांडून जे उरेल ते खरं मानावं, अशी रीत होती. सगळ्यात जास्त लिहायची चिमाक्का साळू. आपल्याच गळलेल्या काट्यानं. सगळ्यात जास्त खोडायचा रावजी कावळा.

त्या उन्हाळ्यात काळ्या डोहाचं पाणी विषारी झालं. चिमाक्कानं ठळक लिहिलं, ‘काळ्या डोहाचं पाणी पिऊ नका.’

“कशावरून?” रावजीनं चोच उगारली.

तिनं त्याला काठावरचे मेलेले मासे दाखवले. त्यानं मुकाट्यानं खाली लिहिलं, ‘खरं आहे.’

तिचं हे काम सिंहमहाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी चिमाक्काला बोलावून घेतलं.

“तुम्ही फुकट लिहिता म्हणे! आमचा पाठिंबा आहे तुम्हाला. बोला, काय हवं?”

“कातळ फार तापतो, महाराज. वर थोडी सावली केलीत, तर दुपारीही लिहिता येईल.”

“एवढंच?” महाराज हिरमुसले. “मग समारंभ कशाचा करायचा?”

समारंभ झालाच. मांडव उभा राहिला. सावली पाहुण्यांवर आली. कातळावरची खाडाखोड बरी दिसेना, म्हणून दरबारचे कारभारी कोल्होबा यांनी ती झेंडूच्या माळांनी झाकली आणि वर फलक लावला, ‘ज्ञान सर्वांसाठी खुलं.’ चिमाक्काला शाल पांघरली. ती काट्यांत अडकली ती अडकलीच. मग आपल्या बोलीच्या थोरवीवर पोपट बोलू लागले. राजभाषेत.

तेवढ्यात पलीकडच्या रानातून हरणांचा तहानलेला कळप आला. वाचायला कातळापाशी थांबला. झेंडू दिसला. मग पाण्याचा वास आला तिकडे, डोहाकडे, वळला.

चिमाक्का ताडकन उठली. “अगं बायांनो, थांबा! ते पाणी...”

“बसा, आक्का,” कोल्होबा म्हणाले. “तुमचं मनोगत आभारप्रदर्शनानंतर आहे.”

ती शालीसकट धावली. डोहाची वाट अडवून घसा फुटेस्तोवर ओरडली. कळप वाचला. उड्या मारत पुढे गेलेलं एक पाडस वाचलं नाही. त्याची आई त्याला चाटत राहिली. चिमाक्काला रडू आवरेना. रावजीही रडला, आणि कावळे सहसा रडत नाहीत.

महाराजांनाही वाईट वाटलं. पुढच्या वर्षीपासून उत्कृष्ट लेखनाला पाडसाच्या नावानं पुरस्कार देऊ, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मांडवही मोठा घालायचं ठरलं.

तात्पर्य : फुकट ज्ञान वाटणाऱ्यांना मदत अवश्य करावी. काय हवं तेही विचारावं, रीत आहे. फक्त तेवढंच देऊ नये. ते इतकं थोडं मागतात, की त्यात आपलं भाषण मावत नाही.