परबमामांनी न पाडलेलं विमान

आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या चाळीत परबमामांच्या नावावर शत्रूचं जे एक विमान जमा आहे, ते मामांनी पाडलेलं नाही. ते मी पाडलं. पाडलं तेव्हा मी डिलाईल रोडवरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, लुंगी लावून बसलो होतो आणि माझ्या हातात जेल पेन होतं.

परबमामा म्हणजे भिकाजी परब, सैन्याच्या हवाई संरक्षण तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहतात. मामी गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला असते. डावा कान तोफांना देऊन आले आहेत, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालायला छाती लागते. किरकोळ बोलणं ते चालता चालता करतात. बांगडा महागला, नळाला पाणी नाही, तुझा सदरा उलटा आहे, हे सगळं पाय न थांबवता. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मात्र जागच्या जागी उभे राहतात, आणि ती जागा कुठली हे बघत नाहीत. एकदा लोअर परळच्या चौकात, भर रस्त्याच्या मधोमध थांबून मला म्हणाले, "तू साखर तपासून घे. वजन उतारला हा तुझा." मागे बस, टॅक्सी आणि एक लग्नाची गाडी. टॅक्सीवाला ओरडला, "ओ काका, घर पे जा के बात करो ना!" मामांनी त्याला हाताने 'थांब' अशी खूण केली आणि मला उपाशीपोटी तपासायची की जेवणानंतर, हे नीट समजावलं. साखर निघाली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या थांबण्याचं मूळ मामांच्या सैन्यातल्या गाडीत आहे. गाडी म्हणजे रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी. वर फिरता बुरूज, त्याच्या दोन्ही अंगांना जोडतोफा, तोफांच्या शेजारी मिसाईलच्या नळ्या आणि मागे गरगर फिरणारं रडार. तिच्या तोफा चालता चालता डागता येतात. मिसाईल सोडायचं तर गाडी उभी करावी लागते. मामांनी गाडी सोडली, नियम सोडला नाही.

त्यांच्या खोलीत गेलात आणि चुकून जरी गाडीबद्दल विचारलंत, तर ओट्यावरची भांडी जमिनीवर उतरतात. पाट म्हणजे गाडी, लाटणी म्हणजे तोफा, पळी म्हणजे मिसाईल. "आधीच्या गाडयेक नुसत्यो तोफा होत्यो. मगे शत्रूची हेलिकॉप्टरा शाणी झाली. तोफेच्या टप्प्याभायर थांबान थयसूनच मारूक लागली. म्हणान नव्या गाडयेर मिसाईल चढवला." तोफ चारेक किलोमीटर, मिसाईल आठेक.

"मग तोफा काढून टाकायच्या ना," मी एकदा म्हटलं. हे मी सहज विचारलं असं नाही. मला तिथून लवकर निघायचं होतं.

मामांनी लाटणं माझ्या नाकासमोर धरलं. "आणि एवढ्या जवळ इला तर? मिसाईलाक धावूक जागा लागता, मेल्या. जवळच्याक तोफ, लांबच्याक मिसाईल. दोन्ही व्हयीत."

हाच हिशेब त्यांनी संसारालाही लावला होता. चाळीतल्या माणसांशी तोंडी, म्हणजे मोठ्याने. बडोद्याच्या मुलीला मात्र पत्र, तेही बसून, एकटाकी. फोनवर मुलीला ते फक्त पत्र पोचलं का, एवढंच विचारत.

त्यांची आणखी एक शिस्त होती. त्यांच्या मिसाईलला सोडून देऊन भागत नसे. लागेपर्यंत गनरला डोळा दुर्बिणीला लावून, काटा लक्ष्यावर धरून बसावं लागे. नजर हलली की मिसाईल गेलं भलतीकडे. मामा गनर होते. त्यामुळे दूध गॅसवर ठेवलं की ते दुधाकडे बघत उभे. मला अंडी आणायला पाठवलं की गॅलरीत उभे, मी नाक्यावरून वळून परत चाळीच्या दारात येईपर्यंत. "लागासर नजर काढूची नाय." पन्नाशीच्या माणसाला अंडी आणताना कुणीतरी वरून बघतंय, याची आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, मी वळण्याआधी वर बघायला लागलो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. गाडीत चार माणसं. चुकलं कुणीही, तरी बाहेर नाव सांगायचं नाही. मी एकदा त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मामांनी अर्धा कप शांतपणे संपवला, मग म्हणाले, "गाडयेची चूक." चाळीचा पंप जळला तेव्हा सगळे एकमेकांची नावं घेत होते. मामा म्हणाले, गाडयेची चूक, वर्गणी काढा.

आता माझ्याबद्दल. मी एका शाळेत क्लार्क. पण आमच्या भागात माझी खरी ओळख मानपत्रवाला अशी आहे. कुणाचाही सत्कार ठरला की शाल आणि नारळ मंडळाचे, मजकूर माझा. माझ्या मानपत्रांत आजवर एकही साधा माणूस झालेला नाही. पोस्टातले गुरव 'सेवेचा अखंड नंदादीप', पंपवाले तांबे 'जलक्षेत्रातील भगीरथ'. मजकुराचा साचा ठरलेला: जन्म, कष्ट, मग पराक्रम, मग दीर्घायुष्य.

सीमेवर ड्रोन आल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि टीव्हीवाले सांगू लागले की स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं मिसाईल परवडत नाही, तोफाच हव्यात. इतकी वर्षं लाटण्यांना हसणारी चाळ एकदम गंभीर झाली. मंडळाने मामांचा सत्कार ठरवला. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. जन्म झाला, कष्ट झाले.

"मामा, विमानं किती पाडलीत?"

"एकव नाय."

"एखादं तरी?"

"इलाच नाय." मग त्यांनी छाती थोडी पुढे काढली. "आमी होतंव म्हणान इला नाय."

आता वाटतं, जगातल्या कुठल्याही मानपत्रात यापेक्षा चांगलं वाक्य नसेल. तेव्हा मला वाटलं, पराक्रमाचा परिच्छेद रिकामा राहिला. घरी आलो, लुंगी लावली आणि लिहिलं: 'शत्रूचे विमान अचूक टिपून आपण मातृभूमीचे आकाश निष्कंटक केलेत.' 'निष्कंटक' या शब्दावर मी स्वतःच खूश झालो होतो.

सत्काराच्या दिवशी वाचायला मी मामांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. हे योगायोगाने झालं असं मी आजवर समजत आलो. नाही. मुद्दाम उभा राहिलो. टाळ्या खूप पडल्या. मामा शाल सावरत माझ्याकडे बघून हसले. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

पण कान गेला तरी चष्मा होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात मधल्या पायरीवर ते थांबले. मागे तांबे बादली घेऊन खोळंबले.

"एक विमान जास्त झाला."

"मामा, ते… मी दुसरं करून देतो. दुरुस्त करून."

"घाई नाय," ते म्हणाले आणि वर गेले.

त्या 'घाई नाय'वर मी दीड वर्ष काढलं. मंडळाच्या लोकांनी स्वतः खिळा ठोकून ती सोनेरी फ्रेम मामांच्या भिंतीवर लावून दिली होती. ती काढली तर चाळ विचारणार. मामांनी त्याच खिळ्याला भिंतीवरचं कॅलेंडर अडकवलं. फ्रेम झाकली गेली. मलाही बरं वाटलं.

दर रविवारी सकाळी दहाला मामांचा फोन वाजायचा. साताऱ्याकडून शिंदे, त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. मामा फोन स्पीकरवर टाकत, त्यामुळे अख्खा मजला शिंद्यांना ओळखायचा. तीच तीच बोलणी, त्याच त्याच शिव्या. एकदा शिंदे स्वतः आले, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मामांनी सुरमई आणली, मला चहाची जबाबदारी दिली. मी तीन कप घेऊन आत आलो तेव्हा शिंदे पुढच्या महिन्यातली तारीख बघायला कॅलेंडर खिळ्यावरून काढत होते. कॅलेंडर निघालं, त्याच्या मागे सोनेरी अक्षरं.

शिंद्यांनी ती मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत.

"परब, हे कवा झालं?" ते म्हणाले. "गाडी तर मी चालवत हुतो. मी झोपलो हुतो का काय?"

मला वाटलं हसतायत. हसत नव्हते.

"गावात लोक मला विचारत्यात, काय केलंस रं तिथं? मी मान वर करून सांगतो, आम्ही चौघं रातंदिस बसलो आणि कायबी येऊ दिलं नाही. तू हितं ह्ये सांगतुयास? कुणी लिहिलं ह्ये?"

मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ट्रे होता. मी उजव्या बाजूलाच उभा होतो. मी एक शब्द बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेला असता.

"माजाच सांगना," मामा म्हणाले. "मीच सांगितलंय तसा."

शिंद्यांनी चहा घेतला नाही. पत्रिका खिडकीत ठेवली आणि गेले. सुरमई मी आणि मामांनी खाल्ली. मी दोन तुकड्या खाल्ल्या, हेही सांगितलं पाहिजे.

रविवारचा फोन बंद झाला. मामा मात्र दहाला फोन मांडीवर घेऊन बसतात, उजवा कान दाराकडे करून. मी डोकावलो की म्हणतात, "गावाक नेटवर्क नसात." साताऱ्याला नेटवर्क नसतं, यावर मी मान डोलावतो. लग्नाला ते गेले नाहीत. आहेर मनिऑर्डरने पाठवला. तो परत आला नाही, एवढंच मला ओझरतं म्हणाले, चालता चालता.

गेल्या महिन्यात साखरेची तपासणी करून आम्ही दोघं परतत होतो. मी खूप वेळ जुळवाजुळव करून विचारलं, "मामा, त्या दिवशी माझं नाव का नाही सांगितलंत?"

लोअर परळचा तोच चौक. मामा रस्त्याच्या मधोमध थांबले. हॉर्न सुरू झाले. एका स्कूटरवाल्याने आई काढली.

"गाडयेची चूक," ते म्हणाले.

"पण मी तुमच्या गाडीत कुठे होतो?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा चहात मीठ घातलंय. "मगे इतकी वर्षा मी गॅलरीत कोणाक बघीत उभो ऱ्हवतंय?"

आणि माझं मनगट धरून त्यांनी मला पलीकडे नेलं.

मानपत्र मी पुन्हा लिहून काढलंय. पराक्रमाच्या परिच्छेदात आता एकच वाक्य आहे, त्यांचंच. शिंद्यांचा नंबर मामांच्या फोनमधून उतरवून घेतलाय. दोनदा लावला. दोन्ही वेळा रिंग वाजायला लागल्यावर कापला. मिसाईल सोडलं आणि नजर काढली, जसं त्या मानपत्राचं केलं होतं तसं.

चाळीने हे इथे वाचलं तर वाचू दे. पण शिंदे हे वाचणार नाहीत. त्यांना फोन लावून, ते बोलेपर्यंत कानाला धरून, ते विमान मी पाडलं हे माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते मी मामांचं देणं लागतो. आज शनिवार आहे. अजून दिलेलं नाही.